राजाच्या छातीत कोंडलेला वारा

एका राज्यात वारा थांबला, त्या काळची ही कथा. नदीवरच्या होड्यांची शिडे गळून पडली, खळ्यांवर मळलेले धान्य भुशासकट तसेच राहिले आणि पिंपळाचे पानसुद्धा हलेना.

तेथला राजा वीरकेतू. त्याने एका मेलेल्या मांत्रिकाच्या मनोऱ्यातला खजिना बळकावला होता आणि त्या खजिन्याला शाप होता. जो कोणी तो घेईल, त्याच्या राज्यातला वारा त्याच्याच छातीत कोंडेल आणि येत्या पुनवेला त्याचा श्वासही खुंटेल. राजाने घाबरून खजिना नदीत टाकून पाहिला. सकाळी तो मनोऱ्यात हजर होता, वर राखणीला एक झोपलेला नाग. राजाचे नाक चोंदले, पोट नगाऱ्यासारखे फुगले, दोन पायऱ्या चढताच त्याला धाप लागू लागली.

राणी कुमुदेची साळुंकी मनुष्यवाणीने बोलत असे. ती म्हणाली, "टेकडीवर योगिनी निरंजना राहते. तिला श्वासाच्या वाटा ठाऊक आहेत."

राजा पालखीतून गेला, राणीही सोबत गेली.

योगिनी म्हणाली, "महाराज, कामे तीन. नाक धुवा, पोट धुवा, मग खजिन्यावरचा नाग जागा करा."

"माझे सेवक करतील."

"सेवकांनी धुतले तर सेवकांची नाके मोकळी होतील."

राणीने पदराआड हसू लपवले. राजाने निमूट कोमट मिठाच्या पाण्याची झारी उचलली आणि मान तिरकी करून एका नाकपुडीत धार धरली. आपण बुडणार, असे त्याला वाटले. तोच दुसऱ्या नाकपुडीतून पाण्याबरोबर एक काळी माशी बाहेर पडली आणि "आता मी राहू कुठे?" असे कुरकुरत उडून गेली. राजाने दीर्घ श्वास घेतला.

"राणीसाहेब, आज बकुळ माळलीत?"

"रोजच माळते, महाराज."

राजाने तिच्याकडे वळून पुन्हा एकदा श्वास घेतला.

मग योगिनीने कापडाची ओली, लांब पट्टी पुढे केली.

"ही नेसायची?"

"गिळायची. एक टोक मात्र हातातच ठेवा."

योगिनी सांगे तशी राजाने ती सावकाश गिळली आणि तशीच सावकाश ओढून काढली. शेवटी एक सोन्याची मोहर निघाली. खजिना मोजताना कोणी पाहू नये म्हणून त्याने ती तोंडात दडवली होती आणि ती पोटात गेली होती. तो कानापर्यंत लाल झाला. पोट मात्र हलके झाले.

पुनवेच्या दुपारी तो मनोऱ्याच्या तळाशी बसला. समोर खजिन्याला वेटोळे घालून महानाग झोपला होता. त्याला केवळ श्वासाने उठवायचे होते. राजाने डाव्या नाकपुडीने श्वास भरून घेतला आणि दाबून धरला. चेहरा तांबडालाल झाला, नाग हलेना.

राणी जवळ येऊन बसली. "घेतलात तो सोडा, महाराज."

राजाने डोळ्यांनीच नकार दिला. सोडला आणि परत आलाच नाही तर, ही भीती त्या डोळ्यांत होती.

"मी इथेच आहे," राणी म्हणाली.

तेव्हा राजाने उजव्या नाकपुडीने श्वास हळूहळू सोडला, अगदी तळापर्यंत. क्षणभर आत काहीच उरले नाही. मग पुढचा श्वास न बोलावता आपण होऊन आला.

नागाने डोळे उघडले. "मला कोणी उठवले?"

"मी, वीरकेतूने."

"काय हवे तुला?"

"मला काही नको. तू वर जा, वाऱ्याला बाहेर जाऊ दे."

नाग सरळ झाला आणि मजल्यामागून मजला चढू लागला. प्रत्येक मजल्यावर मिटलेली खिडकी कमळासारखी उमलली. शेवटी मनोऱ्याचे छत झाकणासारखे उचलले गेले. खजिन्याच्या मोहरांचा वारा झाला, राजाच्या छातीतला वारा त्याला मिळाला आणि दोन्ही मिळून राज्यभर सुटले. राजाचे पागोटे उडाले ते थेट कुंभारवाड्यात जाऊन पडले, आणि राजा लहान मुलासारखा खदखदून हसला.

नाग मनोऱ्याच्या माथ्यावरच राहिला. त्याने एकच मागणे मागितले. "रोज पहाटे येऊन माझ्याजवळ बसत जा. एकट्याला पुन्हा झोप लागते."

राजाने ते कधी चुकवले नाही. राणीही येई. पूर्व उजळेपर्यंत तिघे शेजारी शेजारी बसत, श्वास घेत आणि सोडत.