मातीनं भरलेलं देऊळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. माझं गणित पाढ्यांपाशीच अडलंय, आणि तुमचंही काही फार पुढे गेलेलं दिसत नाही.

एका राजाला डोंगराएवढं देऊळ बांधायचं होतं. एवढाले दगड वर चढवायचे कसे? म्हाताऱ्या पाथरवटानं युक्ती काढली. भिंत हातभर वाढली, की आत हातभर मातीचा भराव घालायचा आणि त्यावर उभं राहून पुढचा थर रचायचा.

राजानं दवंडी पिटवली, "ज्यानं त्यानं आपल्या शेतातली माती देवाला वाहावी!"

लोक वाजतगाजत आले. पाटीला हळदकुंकू लावून माती वाहू लागले. कुणाची पाटी मोठी, यावरून दोन सोयरिकी मोडल्या. बारा वर्षांनी कळस चढला, तेव्हा देऊळ आतून गच्च भरलेलं.

"आता माती काढा," पाथरवट म्हणाला. "चार दिवसांवर मुहूर्त आलाय. देव बाहेर मांडवात ताटकळलेत."

लोकांनी कानांना हात लावले. "देवाला वाहिलेलं परत उचलायचं? नको रे बाबा!"

पुजाऱ्यानं पोथी उघडली, बराच वेळ पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. त्याला वाचता येत होतं की नाही, ते मी सांगणार नाही.

पुढचा मुहूर्त थेट बारा वर्षांनी. पाथरवटाची ऐंशी उलटलेली. तो मटकन पायरीवर बसला. "महाराज, सारा जन्म दगड फोडले. देव गाभाऱ्यात बसलेला बघायला मी काही उरत नाही."

राजा खाली बघत म्हणाला, "पण बाबा, हे पाप घेणार कोण?"

तेवढ्यात भाजी विकणारी ठकूआजी काठी टेकत पुढे आली. "काय रे, देवापुढे पेढा ठेवता, तो तिथंच सोडून येता?"

"छे! प्रसाद म्हणून घरी नेतो."

"सगळा?"

"म्हणजे... वाटेत थोडा खातो."

"मग मेल्यांनो, मातीनंच काय घोडं मारलंय? बारा वर्षं देवाच्या घरी राहिलेली माती ती! मी चालले ती माझ्या वांग्यांना घालायला. मागून रडत येऊ नका."

झालं! गावात पाटी मिळेना. पुजारी तर दोन पाट्या घेऊन सगळ्यांच्या पुढे. तीन दिवसांत सभामंडप मोकळा झाला, खांबांवरची नक्षी उजेडात आली.

चौथ्या दिवशी गाभाऱ्यातली शेवटची माती उरली. राजा तीन दिवस आसनावरून बघत होता. तो उठला, मुकुट काढला आणि म्हणाला, "माझीही एक पाटी आत आहे की." मग वाकून आत शिरला.

डोक्यावर पाटी, तोंडभर धूळ, असा तो बाहेर निघाला, तोच मूर्ती घेऊन येणारे ओरडले, "ए, सरक की बाजूला! दिसत नाही, देव येताहेत?"

असं राजाला आजवर कुणी बोललं नव्हतं. राजा पाटीसकट भिंतीला चिकटून उभा राहिला. देव आत गेले. पायरीवरच्या पाथरवटानं ते डोळे भरून पाहिलं.

तर मंडळी, तात्पर्य एवढंच: देव आत यावा असं वाटत असेल, तर आपणच भरलेलं आपल्या हातानं उपसावं, आणि वाटेतून बाजूलाही व्हावं.