येसूनं दिलेला दोर

ऐका आसरामाय, पाण्याच्या देवी, तुमची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका, हळदकुंकवाच्या ताटात बघत बसू नका.

आटपाट नगर होतं. तिथं विहीर एकच, आणि रीत वाईट होती. गावातल्या बायांनी दोर सोडावा, घागर भरावी, घरी न्यावी. वेशीबाहेरच्या बायांनी काठाला शिवायचं नाही. खाली रिकाम्या घागरी मांडून बसायचं, "माय, वाढा गं" म्हणायचं. कुणाला दया आली तर ती वरून ओती. नाही आली तर ऊन खायचं.

नगराची राणी होती. आसरामाय, तिनं तुमचं व्रत धरलं. रोज एकशेआठ घागरी काठावर तुमच्या नावानं मांडलेल्या सात दगडांवर ओती. त्याचा चिखल होई, चिखलात म्हशी लोळत. म्हशींना मिळालं, माणसांना नाही.

मग एक दिवस वेशीबाहेरची भिवरा आली. काखेला तान्हं, ते रडायचंही थांबलेलं. राणीला म्हणाली, "बाईसाहेब, एक घागर वाढा." राणी म्हणाली, "लांब हो, माझं सोवळं आहे." मग सावकारणीला म्हणाली. सावकारीण म्हणाली, "तुला एक दिली की दहाजणी येतील. एका घागरीनं काय दुष्काळ हटतो?" मग येसूला म्हणाली. येसू गावातलीच, लोकांची दळणं दळून पोट भरी. तिनं घागर ओढली आणि ओतली.

सावकारीण हसली, "पुण्याची फार घाई गं येसू!"

येसू म्हणाली, "दुष्काळ हटत नाही, ते मलाही कळतं. पण तुमच्या दगडांना तहान लागते, आणि ह्याला लागत नाही होय?"

मग येसू रोज येई. आपली एक घागर काढी, खालच्यांच्या तीन वाढी. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, तिसरा आला. तळहात सोलवटले. बाकीच्या म्हणत, "येसू आहे की!" आणि डोक्यावर घागर घेऊन चालू पडत.

मग येसूला ताप भरला. एक दिवस उठली नाही, दुसऱ्या दिवशी उठली नाही, तिसऱ्या दिवशी उठली नाही. भिवरा तिन्ही दिवस खाली बसून होती. कुणी वाढलं नाही. तीन उन्हाळे येसूच्या पाण्यावर वाढलेलं लेकरू तिसऱ्या दिवशी गेलं.

येसूनं ऐकलं, तशीच विहिरीवर आली. ओरडली, "आसरामाय! एकशेआठ घागरी प्यालीस आणि पोर मेलं तेव्हा गप्प बसलीस? वर ये, तोंड दाखव!"

आसरा वर आली. ओठ फुटलेले. म्हणाली, "येसू, दगडांवरचं पाणी मला पोचलंच नाही. मी खाली भिवराशेजारी बसत होते. तू वाढलंस तेवढंच प्याले. वर माग."

"लेकरू दे."

"गेलेलं देता येत नाही."

"मग कशाची देवी तू?" येसू म्हणाली. "पण चूक माझीही आहे. पाणी वाढलं, दोर माझ्याच हातात ठेवला. एकीच्या दयेवर जगायचं म्हणजे एकीच्या तापानं मरायचं."

असं म्हणून खाली उतरली, दोर भिवराच्या हातात दिला. भिवरा काठावर चढली. राणी किंचाळली, "विहीर बाटली! पाणी आटेल!" भिवरानं घागर सोडली, भरून आली. मग राणीनं सोडली, रिकामी आली. दुसऱ्यांदा सोडली, रिकामी आली. तिसऱ्यांदा सोडली, रिकामीच आली.

मग राणी खाली जाऊन बसली. घागर पुढं केली. म्हणाली, "माय, वाढा गं."

सगळ्या बाया भिवराकडं बघू लागल्या. भिवराचे डोळे कोरडे होते. म्हणाली, "वाढणार नाही. वर या. दोराला हात लावा."

राणी वर आली. भिवराच्या हाताखाली तिनं दोर धरला. घागर भरून आली.

भिवराचं लेकरू काही परत आलं नाही. कहाणीत यायला हवं होतं, ठाऊक आहे मला. नाही आलं.

तर बायांनो, ह्या व्रताला फूल नको, नारळ नको. "माझ्या एकटीनं काय होतं" म्हणू नये. "ती आहे की" म्हणून निघून जाऊ नये. उतू नये, मातू नये, दोर एकटीनं धरू नये. येसूला झाली ती बुद्धी तुम्हां आम्हां होवो, पण लेकरू जायच्या आधी होवो. साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरीं सांगितली. सुफळ करणं तुमच्या हातीं, संपूर्ण.