एकदाही न चुकलेला आकडा

“म्हणजे माझा निकाल लागला म्हणायचा?” दयालगिरी महाराजांनी विचारलं.

जीभ अडखळत होती. उजवा हात हलत होता. डावा हात, डावा पाय आणि डावीकडचा अर्धा चेहरा सहा दिवसांपूर्वी झटका आल्यापासून कामावर रुजू नव्हते.

खाटेशी डॉ. वसंत कुंभोजकर उभे होते. लहानपणी महाराजांच्या मठात जेवून शिकले. पुढे इतक्या पदव्या मिळवल्या, की दारावरची पाटी दोनदा बदलावी लागली.

“निकाल नाही, महाराज. रक्ताचा रिपोर्ट आलाय.”

“काय म्हणतं रक्त?”

“गुठळी अडकली की मेंदूतले तंतू मरतात. त्यांचा चुरा रक्तात उतरतो. तो मोजला, की तीन महिन्यांनी रोगी कसा असेल ते सांगता येतं.”

“पोपटवाल्यासारखं?”

डॉक्टरांना ते लागलं.

“पोपट चुकतो. माझा आकडा चार वर्षांत एकदाही चुकलेला नाही.”

“बरं... माझा किती?”

“मर्यादेच्या दुप्पट.”

“मराठीत सांग.”

डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले, “चालणं नाही. बहुधा बसणंही नाही.”

महाराजांनी ओठातून ओघळलेली लाळ उजव्या हाताने पुसली. पुसायला बराच वेळ लागला.

“पण तुम्ही काळजी करू नका,” डॉक्टर घाईने म्हणाले. “व्यायामाच्या वॉर्डात आठच खाटा आहेत. मर्यादेवरच्या रोग्याला तिथे घ्यायचं नाही, हा नियम मीच केलाय. तुमच्यापुरता तो बाजूला ठेवतो. उद्यापासून व्यायाम सुरू.”

“बाकीच्यांचं काय करतोस?”

“घरी पाठवतो.”

“किती पाठवलेस?”

“एकशे बारा.” आकडा तोंडपाठ होता. महाराजांनी नावं विचारली नाहीत, हे बरं झालं.

“त्यातलं कोणी चाललं?”

“एकही नाही!” डॉक्टरांचा आवाज नकळत चढला. “म्हणून तर सांगतोय, आकडा चुकत नाही.”

“व्यायाम कोणी करून घेतला त्यांच्याकडून?”

“कोणीच नाही. आकडाच इतका वाईट, तर उगाच कशाला...”

डॉक्टर मध्येच थांबले.

बाहेरून एक स्ट्रेचर करकरत गेलं. त्याच्यामागे कोणाची तरी बायको चपला हातात घेऊन धावत होती.

“वसंता... मी उठलो तर?”

“उठालच, महाराज! मी स्वतः उभा राहून...”

“मी उठलो तर, वसंता?”

डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

महाराजांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला, जड पिशवी उचलावी तसा, आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला.

“मला घरी पाठव. तुझा आकडा चुकायला नको.”