मधलं राहिलं

"पण बाबा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणाच्या शब्दावर?"

अमीनशा फकीर आपल्या मठीच्या, तकियाच्या ओसरीवर लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रश्न दामोदर मास्तरांचा होता. जन्मभर ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेला माणूस. साधी वेळ विचारायची झाली तरी समोर वर्ग बसला आहे असा आवाज लागायचा. बाबांना ते गुरू मानत, पण गुरूने आपल्याच बाजूने निकाल द्यावा अशी त्यांची माफक अपेक्षा असे.

"नानासाहेबांनी मागच्या निवडणुकीत काय काय कबूल केलं होतं? सूतगिरणी चालू करतो. वीज फुकट देतो. घरटी एक नोकरी देतो. मी तेव्हाच विचारलं होतं, पैसा आणणार कुठून? तिजोरीत खडखडाट, आणि हे निघाले कर्णाचा अवतार व्हायला!"

"मग?"

"मग काय... गिरणीच्या फाटकाला अजून कुलूप. आणि तरी गुलाब म्हणतो, मत नानांनाच."

गुलाब म्हणजे मास्तरांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. गिरणी बंद पडली आणि पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून रोज सकाळी मास्तर त्याच्या ओट्यावर बसून त्याला पेपर वाचून दाखवत. वाचन कमी आणि भांडण जास्त. नानासाहेब गुलाबचे, तात्यासाहेब मास्तरांचे. आपापला पुढारी दोघांनी पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. गल्लीला ते भांडण ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

होळीनंतर ते बंद पडलं. मास्तर आता दुसऱ्या गल्लीने बाजारात जात.

"तुमचा शब्द तो खाली पडू देत नाही, बाबा. एकदा त्याला सांगा, तुझा नाना खोटारडा आहे. मग मी जातो त्याच्याकडे."

"आणि तुझे तात्या?"

मास्तर खाकरले.

"तात्यासाहेबांचं धोरण... दूरगामी आहे."

बाबांना हसू आलं. त्यांनी लसणाचा एक गड्डा मास्तरांपुढे सरकवला.

"सोल."

मास्तर सोलू लागले. घरात कधी कोथिंबीर निवडली नव्हती त्यांनी, त्यामुळे पाकळीपेक्षा नखंच जास्त सोलली जात होती.

"भांडण कसं झालं?"

"अर्थसंकल्पाची बातमी होती. नानांनी भर सभेत दिलेले आकडे किती पोकळ होते, ते मी त्याला समजावून सांगत होतो. तो ऐकेना. म्हणाला, तुझ्या तात्यांनी तरी कुठं चालू केली गिरणी? मी म्हणालो, विषय तो नाही. तो म्हणाला, माझा तोच आहे. आवाज चढले..."

मास्तर खाकरले.

"...मग तो मला म्हणाला, दामू, तू पेपर गाळून वाचतोस. तात्यांची लबाडी छापून आली की ती ओळ खातोस. असं म्हणाला, बाबा! मला! मी उठलो आणि सरळ घरी आलो."

बाबांचा हात थांबला.

"मधलं राहिलं."

"मधलं कसलं?"

"खाकरलास तिथलं."

मास्तर हातातली पाकळी नखाने कुरतडू लागले.

"गुलाब येतो जुम्मेरातीला, नातवाचा हात धरून," बाबा म्हणाले. "सांगत होता, दामू ओळ गाळायच्या आधी खाकरतो. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या..." मास्तरांचे कान तापले. "मग इतके दिवस बोलला का नाही?"

बाबांनी पुन्हा लसूण हातात घेतला.

मास्तर खाली बघत बसले. तात्यासाहेबांच्या किती बातम्या आपण गिळल्या, आणि तो चहाचा कप हातात धरून हूं हूं करत राहिला, हे त्यांना आता एकदमच दिसलं. फार लाज वाटली त्यांना.

"मधलं?" बाबांनी हळूच विचारलं.

"मी त्याला... मतदानाला मीच नेतो ना, बाबा. डोळे गेल्यापासून. आंधळ्या माणसाला सोबती आत नेता येतो. तो कानात नाव सांगतो, बटण मी दाबतो."

"हं."

"त्या दिवशी रागाच्या भरात मी म्हणालो... मागच्या वेळी बटण मी दाबलं. कुणाचं दाबलं, तुला काय ठाऊक?"

रस्त्यावरून प्रचाराची रिक्षा भोंगा वाजवत गेली. भोंग्यात कुणीतरी गिरणी चालू करत होतं.

"कुणाचं दाबलं होतंस?"

"नानांचं." मास्तरांनी लसूण खाली ठेवला. "अल्ला शपथ, बाबा, नानांचंच. तात्यांचं बटण त्याच्या शेजारीच होतं. बोट जड झालं होतं माझं. मनात म्हणालो, चुलीत जावो राज्याची तिजोरी... त्याचं मत आहे, त्याचंच पडलं पाहिजे."

देशस्थ ब्राह्मणाच्या तोंडून अल्लाची शपथ निघाली, तिचं दोघांनाही काही वाटलं नाही.

"हे त्याला सांग."

"कोणत्या तोंडानं सांगू? ओळी गाळल्या ते त्याला माहीत. बटणाचं मीच तसं बोलून बसलो. आता खरं सांगितलं तरी त्यानं का मानावं? मीच झालो की नानासाहेब!"

हे बोलताना मास्तरांचे डोळे भरून आले. ते पुसायला त्यांनी हात वर नेला आणि लसणाची बोटं डोळ्यांना लावून घेतली. मग पाणी थांबेचना.

बाबा उठले. रांजणातून गडवाभर पाणी आणलं, मास्तरांची मान एका हाताने धरली आणि लहान मुलाचे धुवावेत तसे त्यांचे डोळे धुतले. उपरण्याच्या टोकाने टिपले.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"परवा मतदान आहे."

"हो." मास्तर खाली बघत म्हणाले. "त्याचा मोठा मुलगा नेईल त्याला. नानासाहेबांचा कार्यकर्ताच आहे तो. शहरात बिल्ला लावून फिरतो. चांगलंच झालं. आता तरी मत कुठं पडलं याचा घोर नको गुलाबला."

"गुलाबच सांगत होता, मुलगा आला होता विचारायला. आबा, मी नेतो म्हणाला. गुलाब नको म्हणाला."

"नको? अहो, पण मुलगा तर त्याच्याच पक्षाचा!"

बाबांनी सोललेला लसूण मास्तरांच्या ओंजळीत टाकला.

"गुलाब म्हणाला, म्हणूनच नको. मुलगा न ऐकताच नानांचं दाबेल, दामू मी सांगेन तेच दाबतो."