कासारणीची घोडी आणि लाल गोंडा

फार पूर्वी, एका नदीकाठच्या गावात एक कासारीण राहत होती. घरात ती आणि दारात तिची घोडी, एवढाच तिचा संसार. घोडीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या टोपल्या बांधायच्या आणि गावोगाव फिरून बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या, हा तिचा धंदा. घोडीचं नाव हळदी. तिची चाल इतकी सावध, की डोंगर उतरून आलं तरी टोपलीतली एक बांगडी पिचायची नाही.

एकदा घोड्यांचा एक व्यापारी गावातून चालला होता. पाणी प्यायला थांबला, हळदीकडे पाहिलं आणि त्याच्या भुवया चढल्या. हळदीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता.

"ही तर आसूढाळ आहे," तो म्हणाला. "डोळ्याखाली भोवरा असलेली घोडी मालकाला रडवते. ज्या गावात राहते, त्या गावालाही रडवते."

एवढं बोलून तो वाटेला लागला. पाणी गावाचं प्यायला आणि घोर गावालाच लावून गेला.

झालं. त्या दिवसापासून गावात जे काही बिघडेल ते हळदीच्या माथी जाऊ लागलं. कुणाचं दही नासलं, हळदीमुळे. कुणाचा जावई रुसला, हळदीमुळे. पाटलांचा बैल गेली चार वर्षं लंगडत होता, पण लोकांना तो नेमका त्याच महिन्यात लंगडताना दिसला. शेवटी सगळ्यांनी पाटलांना गाठलं आणि घोडी गावाबाहेर घालवा म्हणून हट्ट धरला.

पाटील वाईट माणूस नव्हते, पण गावाच्या विरोधात उभं राहण्याइतके धीटही नव्हते. त्यांनी कासारणीला बोलावून घेतलं.

"येत्या पुनवेला बाजारगावी पहिल्यांदाच घोड्यांचा देखावा भरतोय," ते म्हणाले. "स्वार नाही, खोगीर नाही. मालकानं दोर धरून आपलं घोडं चालवायचं, उभं करायचं आणि पारख्यानं पारखायचं. राजाच्या पागेतला जुना पारखी येणार आहे. त्यानं हळदीला चांगली म्हटलं, तर राहू दे तिला. नाही म्हटलं, तर नदीपल्याड नेऊन विकून ये."

"आणि माझं काय, पाटील?"

"तुला कोण काय म्हणतंय? तू गावचीच आहेस."

हळदी आपल्याकडे आली तेव्हा शिंगरू होती आणि गेली आठ वर्षं आपण तिच्याशिवाय एक दिवस चाललो नाही, हे कासारणीला सांगायचं होतं. पण ती तशीच मागे फिरली. ती घरी आली आणि हळदीच्या मानेला मिठी मारून रडली.

गावात एक म्हातारा नालबंद होता. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याला कळलं तसा तो आपणहून आला.

"रडायला पुढे दिवस आहेत बेटी," तो म्हणाला. "आता पंधरा दिवस आहेत, ते कामाला लाव."

चाचानं हळदीचे खूर तासले, नाल नवे ठोकले. कासारणीनं नदीवर नेऊन तिला रिठ्यानं धुतलं, खराऱ्यानं अंग घासलं, आयाळ विंचरली. आठ वर्षांची धूळ वाहून गेली. घोडी उन्हात उभी राहून वाळली तेव्हा कासारीण हातातला खरारा विसरून बघतच राहिली. अंगावरचा केस न् केस पिवळाधमक झळकत होता. मानेची कमान, पायांची ठेवण, सगळं जणू आजच कुणी घडवून ठेवलं होतं. इतकी वर्षं आपण कुणाच्या सोबतीनं चाललो हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं तिच्या मनात आलं आणि तिनं नकळत हात जोडले.

मग चालवण्याचे धडे सुरू झाले.

"दोर ओढू नकोस," चाचा सांगायचा. "ओढलं की घोडं अडतं. तिच्या डाव्या खांद्याशी चाल. तू तिला दिसत राहिलीस की पुरे, दोर नुसता नावाला."

हळदी चार दिवसांत शिकली. चालायची, दुडक्या चालीनं धावायची, चारी पाय सारखे टेकून उभी राहायची. अनोळखी माणसानं पाय उचलला, ओठ वर करून दात पाहिले, तरी हलायची नाही. चाचाही खूश झाला.

कासारणीच्या मनातून मात्र भोवरा जाईना. तिनं लाल लोकरीचा एक मोठा गोंडा करायला घेतला. तोंडावरच्या म्होरकीच्या डाव्या बाजूला तो बांधला, की डोळ्याखालचा भोवरा पार झाकला जाणार होता.

"एकदा बांधून चालवून बघ," चाचा म्हणाला.

"मळेल, चाचा. तिथं गेल्यावरच बांधीन."

चाचानंही ते मान्य केलं, आणि तिथंच दोघांची चूक झाली.

पुनवेच्या दिवशी बाजारगावचं मैदान पाहून कासारणीचे पाय जमिनीला खिळले. चाळीस घोडी. काळी, पांढरी, अबलख. कुणाच्या आयाळीत मोती, कुणाच्या पायात चांदीचे तोडे. टापांचा आवाज तळपायातून वर चढत होता. एवढं देखणेपण एका जागी असू शकतं, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पाटीलही गावातल्या पाचपंचवीस माणसांना घेऊन दोरीपलीकडे बसले होते.

तिची पाळी आली. तिनं गोंडा बांधला, दोर धरला आणि हळदीच्या डाव्या खांद्याशी उभी राहिली.

हळदी चार पावलं चालली आणि थांबली. तिनं मान झटकली. गोंडा उडून डोळ्यावर आला. तिनं पुन्हा मान झटकली, मागे सरली, गोल फिरली आणि मैदानाच्या कठड्यावर जाऊन आदळली. लोक हसले. कासारणीनं दोर ओढला तशी ती आणखीच बिथरली. डोंगरात वाघाच्या डरकाळीलाही न भ्यालेली ती घोडी थरथर कापत होती.

पारखी लांबूनच म्हणाला, "बाई, एकवार पुन्हा चालव. नाहीतर पुढच्याला येऊ दे."

कासारणीनं वर पाहिलं. गोंडा डोळ्यावर लोंबत होता आणि हळदी मान वेडीवाकडी वळवून काहीतरी शोधत होती. मग तिला उमगलं. हळदी तिलाच शोधत होती.

गोंडा सोडला तर भोवरा सगळ्या मैदानाला दिसणार होता. पारख्याला दिसणार होता, पाटलांना दिसणार होता. नाही सोडला, तर हळदी तशीच अंधारात कापत राहणार होती. कासारणीनं गाठ सोडली आणि गोंडा खाली टाकला.

लोकांत कुजबुज झाली. "आसूढाळ, आसूढाळ." हळदीनं डाव्या डोळ्यानं कासारणीला पाहिलं, एक मोठा श्वास सोडला आणि कान पुढे केले.

कासारीण चालू लागली. हळदी चालू लागली. दोर दोघींच्या मधे सैल झुलत होता.

फेरी झाली. पारखी जवळ आला. त्यानं खूर पाहिले, दात पाहिले, छातीवरून हात फिरवला. मग कासारणीच्या हातातला दोर घेऊन जमिनीवर ठेवला.

"चाळीस पावलं लांब जा. पाठ करून उभी राहा."

ती गेली. पारख्यानं खूण केली आणि नगारा वाजला. इतर घोडी उधळली, माणसांनी दोर धरून धरून सावरली. हळदी मैदानाच्या मधोमध एकटी, मोकळी उभी होती. तिची नजर कासारणीच्या पाठीवर होती आणि चारी पाय जागच्या जागी होते. नगारा थांबला. म्हाताऱ्या पारख्यानं हळूच डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"गोंडा का सोडलास, बाई?" त्यानं विचारलं.

"तिला मी दिसत नव्हते, बाबा."

"आता लोकांना भोवरा दिसला."

"दिसू दे. मी तिला दिसणं जास्त गरजेचं होतं."

पारखी दोरीपलीकडच्या लोकांकडे वळला. "साठ वर्षं मी घोड्यांचे भोवरे मोजले," तो म्हणाला. "भोवऱ्याच्या वर दोन बोटांवर डोळा असतो. तो आज पाहिला. ही घोडी चांगली आहे."

पहिला मान एका काळ्या घोड्याला मिळाला, आणि तो खरोखरच देखणा होता. हळदीला काही मिळालं नाही. कासारणीला त्याचं काही वाटलंही नाही.

संध्याकाळी सगळे गावी परतले तेव्हा वेशीवर माणसं निकाल ऐकायला थांबली होती. कुणी काही विचारायच्या आत पाटील पुढे आले, हळदीच्या डाव्या बाजूला गेले आणि सगळ्यांच्या देखत तिच्या डोळ्याखालच्या भोवऱ्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"चल बये," ते तिला म्हणाले, "घरी चल."

तात्पर्य: आपल्या माणसाची उणीव लोकांपासून झाकायच्या नादात आपण त्याची नजर झाकतो, आणि आपण त्याला दिसत राहिलो, तर उणीव कुणाला आठवतही नाही.