चंदनाची सोबत

फार वर्षांपूर्वी तान्हुबाईने माळावर चंदनाचं रोप लावलं आणि रीतीप्रमाणे शेजारी तुरीचं बी टाकलं. "चंदन एकटं जगत नाही, त्याला सोबत लागते," ती म्हणाली. सोबत कसली, हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

तूर उगवली. तिची मुळं खोल चालली असताना अंधारात कुणीतरी तिला स्पर्श केला.

"कोण?"

"मी, चंदन. इथे फार एकटं वाटतं गं. हात धरू तुझा?"

आवाज गोड होता. तुरीने मूळ पुढे केलं. चंदनाच्या मुळाला एक बारीकशी गाठ आली आणि ती तिथे घट्ट चिकटली.

मग तूर खालून पाणी ओढायची, पण ते वर पोचायचंच नाही. फुलं गळली, शेंगा पोचट राहिल्या.

"चंदनदादा, हात सोड ना. तहान लागलीय."

"मी कुठे धरलाय? तूच दिलास."

उन्हाळ्यात तूर उभीच्या उभी वाळली. चंदन मात्र हिरवंगार होतं. तान्हुबाई वाळलेलं झाड उपटायला गेली तर ते अर्ध्यातच मोडलं. तिने त्याच जागी नवं बी टाकलं.

नव्या तुरीच्या मुळाला मातीत एक वाळका हात लागला. तो अजून कुणाच्या तरी मुठीत होता.

"हे कोण?"

"माझी मैत्रीण," गोड आवाज आला. "फार मायाळू होती."

तुरीला पळायचं होतं. पण तिला पाय नव्हते, मुळंच होती, आणि त्यातल्या एकाला काहीतरी हळूच बिलगलं होतं.

वर तान्हुबाई पाणी घालत म्हणाली, "चला, झाली एकदाची सोबत."