रिकामं पाऊल

“सगळं येतंय की मला, वस्ताद. मग शांती कुठं अडकलीय?”

विचारणारा मलगोंडा पैलवान. विचारलं ल्यांग वस्तादांना, आणि ते स्वेटरचं बटण शोधत बसले होते.

वस्तादांचे वडील चीनहून मिरजेला आले, दातांचा दवाखाना थाटला आणि इथलेच झाले. मुलाला त्यांनी दात काढायला शिकवलं आणि ताई ची ही चिनी युद्धकला शिकवली. दवाखाना कधीच बंद झाला. ताई चीचा सराव मात्र रोज पहाटे चालतो, गावाबाहेरच्या माळावर. हात-पाय इतके संथ हलवायचे की बघणाऱ्याला जांभई यावी.

मलगोंडा कुस्ती सोडून इथं आला, त्याला कारण होतं. जेवताना शब्दाला शब्द वाढला आणि रागाच्या भरात त्यानं धाकट्या भावाचा, भूपालचा, हात पिरगळला. हाड मोडलं. तेव्हापासून तो तालमीतच राहायचा. घराकडं फिरकला नव्हता.

“आज भूपालच्या लेकीचं बारसं हाय,” मलगोंडा म्हणाला. “त्यानं स्वतः निरोप धाडलाय, ये म्हणून. जाऊ का नको, तेवढं सांगा.”

“अडचण काय?”

“राग अजून येतोय, वस्ताद. काल दूधवाल्यावर आला. मला माझ्याच हाताची भीती वाटतीय. त्या घरात आता तान्हं पोर हाय.”

वस्तादांनी सापडलेलं बटण लावून टाकलं.

“करून दाखव बघू,” ते म्हणाले.

मलगोंडानं सुरुवात केली. आम्हा बाकीच्या शिष्यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

“नाचतोस बरा,” वस्ताद म्हणाले.

मलगोंडाचा चेहरा पडला.

“भूपालचा हात प्लास्टरात होता, तेव्हा बघायला गेलास?”

“...न्हाई.”

“भित्रा आहेस. भावाला मारणारा पैलवान. आखाड्यात कुणी सापडला नाही होय रे?”

आम्ही माना खाली घातल्या. मलगोंडाच्या मानेची शीर तटतटली, मुठी वळल्या. असं बोलणाऱ्याला त्यानं पूर्वी जागेवर लोळवलं असतं.

“थांबू नको. पुढं चाल,” वस्ताद म्हणाले.

तो चालला. पाय धाडधाड आपटायला लागले. ताई चीत पाऊल आधी रिकामं टेकवायचं आणि वजन मागाहून द्यायचं. ते त्या वेळी कुठल्या कुठं गेलं होतं.

वस्ताद उकिडवे बसले. पुढचं पाऊल जिथं पडणार, नेमका तिथं त्यांनी आपला उजवा पंजा पसरून ठेवला. अर्ध्या मिरजेच्या दाढा त्या हातानं काढल्या होत्या. आता नुसती काडी झाली होती त्याची.

पैलवानाची टाच खाली आली...

बोटांना टेकली. आणि तिथंच राहिली. सगळं वजन मागच्या पायावर.

मग टाच अलगद वर गेली.

“राग गेला?” वस्तादांनी बसल्या बसल्याच विचारलं. हात अजून मातीवरच होता.

“न्हाई,” मलगोंडा म्हणाला. “लई हाय अजून. तुमच्यावरच हाय.”

“मग पाय का नाही टाकलास?”

“रागाला इचारलंच न्हाई मी.”

बोलला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. एवढा धिप्पाड गडी, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि तोंडानं हसतोय. त्यानं असा शड्डू ठोकला की माळावरच्या टिटव्या ओरडत उडाल्या. त्याच्या किती कुस्त्या आम्ही बघितल्या होत्या, पण त्याला एवढा आनंद एकाही कुस्तीत झाला नव्हता.

पायांत चपला सरकवून तो घराच्या वाटेला लागला. थोडा पुढं जाऊन थबकला.

“वस्ताद, पण तिथं बारशात राग आलाच तर?”

वस्ताद हाताची माती झटकत होते.

“येऊ दे की. त्याला ओसरीवर बसव, पाणी दे. पाळण्याकडं तू एकटाच जा.”